गोधडीवर शिक्का मारू दिला नाही

त्या शुक्रवारी घरातली पुरुषमाणसं नमाजेला गेली आणि मी बोचकं उचलून बहरीनमधल्या आमच्या गुदैबियाहून टॅक्सीने थेट पलीकडच्या माहूज वस्तीत... नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच दादी झाले होते, पाय जमिनीवर नव्हतेच माझे.

नातीसाठी इतक्या गोधड्या शिवल्या की सून म्हणाली, "अम्मी, पोर एकच आहे." मग कळलं, माहूजच्या सामंत वहिनी इथल्या मराठी मंडळातर्फे गाझाच्या निर्वासित छावणीतल्या बाळंतिणींच्या दवाखान्यासाठी सामान जमवतायत. तिकडे लढाई, कर्फ्यू, थंडीत वीज नाही... तान्ही बाळं कुडकुडतात म्हणे. म्हटलं, हाताला काम मिळालं.

आमच्या रत्नागिरीकडे तान्ह्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत, टोचतं. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडीच लागते. शाळा माझी चौथीत सुटली, पण टाका बघाल तर... जाऊ दे, स्वतःचं किती सांगू.

वहिनी मुंबईच्या, नवरा बँकेत, बोलायला गोड. पण बोचकं उघडलं, जुन्या साड्यांच्या गोधड्या दिसल्या आणि चेहरा पडला. "मावशी, जुनं काही घ्यायचं नाही असं ठरलंय. फक्त नवीन, पॅकिंगसकट."

त्यांचंही चुकत नव्हतं. लोकांनी आधी फाटके शर्ट आणि एकेकटे बूट आणून टाकले होते... गरिबाच्या नावाने कपाटं साफ करतात माणसं.

"हे जुनं नाही, मऊ आहे," मी म्हटलं. "तुमची मुलं काय पॅकिंगसकट जन्मली?" वहिनी हसल्या, पण नाही म्हणजे नाहीच. मीपण खुर्ची ओढून बसले. गोधड्या जातील तेव्हाच मी जाईन. समोसे आले, तेही खाल्ले... रुसवा समोशाशी नव्हता.

तेवढ्यात एक बाई आली. त्याच दवाखान्यातली नर्स, बहिणीकडे बहरीनला आलेली. सामान तीच पुढे पाठवणार होती. तिने एक गोधडी उचलली, गालाला लावली आणि वहिनींशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. माझं अरबी यल्ला-खलासपुरतं, इंग्रजी तर मफी, अजिबातच नाही... मला वाटलं, हीपण परतच करतेय.

"काय म्हणते ती?"

वहिनींना सांगायला जरा जड गेलं. "म्हणते, आमच्याकडे ब्लँकेटं येतात, पण प्रत्येकावर कुठल्या तरी संस्थेचा शिक्का असतो. आमचं मूल जन्मल्यापासून दुसऱ्याच्या शिक्क्याखाली झोपतं. ही मात्र घरून आल्यासारखी वाटते."

मग वहिनींनी स्वतःच खोका भरायला घेतला. सवयीने मंडळाचं स्टिकर काढलं आणि गोधडीवर लावणार... मी हात धरला. "खोक्यावर लावा, वहिनी. बाळाच्या अंगावर नाही." त्यांनी खोक्यावर लावलं. नर्सला मराठी कुठलं कळायला, पण तिने माझा हात दाबला.

त्या गोधड्यांत कोण झोपलं, मला कधी कळलं नाही. त्यांनाही माझं नाव कळलं नाही, आणि तसंच हवं होतं मला... अल्लाने शिवायला हात दिले त्याचे आभार, आणि हट्ट दिला त्याचे जरा जास्तच.