गोळीचा रुमाल

त्या संध्याकाळी माझी बुढी, म्हंजे बायको, अन् मी फुलचूरच्या मेडिकलात तिची बीपीची गोळी आणाले गेलो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम तेच. दुकानदाराचा पेन कानामागं असे अन् तो काउंटरभर पेनच शोधत राहे. तोंड मात्र कधी बंद नसे.

"ही गोळी आत जाऊन काय करते रे?" बुढीनं विचारलं.

ती माझ्या बाजूला बाकावर बसणार, तेवढ्यात त्यानं तिथं आपला रुमाल टाकला. "एसटीत खिडकीतून टाकतो तसं, काकू. आपल्या दिलावर बारीक बारीक सीटा रायतात. धडधड वाढवणारा रस तिथं बसाले येते. गोळी पहिलेच रुमाल टाकून ठेवते. रस उभाच रायते."

"अन् असा उचलून बसला तं?" म्हणत बुढी रुमाल उचलून बसलीच.

"म्हणून रोज नवा रुमाल! समझे का?"

बुढी घरापर्यंत हसून राहिली होती. त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली.

तेरवी झाल्यावर मी उरलेल्या गोळ्या त्याच्यापुढं आदळल्या. "एकबी चुकवली नाही तिनं. मंग तुझा रुमाल कोणी उचलला बे?"

तो काउंटरवर पेन शोधत राहिला. मी शिव्या देऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शुगरची गोळी घ्यायला गेलो अन् बाकावर बसलो. एक जाडा गिऱ्हाईक बाजूला टेकणार, तोच काउंटरवरून रुमाल आला, बरोबर बुढीच्या जागेवर.

"भैया, सीट रिजर्व है."

जाडा उभाच राहिला.