गिऱ्हाइकाचे सेल

लग्नसराई संपेपर्यंत मी कॅमेऱ्याचीच बायको असायची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. हिंगणघाटला ह्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. हे लग्न उरकून यायचे, कॅमेरा माझ्या हातात द्यायचे आणि बूटसुद्धा न काढता आडवे व्हायचे. मग मी बसले! लेन्सच्या कड्यात अक्षतांचे तांदूळ, पट्ट्याला हळद, आणि जिनिंगचा उडता कापूस तर कुठून आत शिरायचा देव जाणे. ब्लोअरनं फुंकायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, फ्लॅशमधले सेल आठवणीनं काढायचे. एखादे वेळी राहून गेले आणि आमच्या उन्हाळ्यात पाझरले, की आतल्या पट्ट्या हिरव्या पडायच्या. त्या खोडरबरानं घासून घासून बोटं दुखून यायची. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा कपाटात, आणि कपाटात बल्ब पेटता. माझ्या बाळंतपणात एवढी ऊब मला नव्हती मिळाली! घरचं सगळं आवरून हे करायचं म्हणजे जीव अगदी विटून जायचा.

सेलांचीही जात ठरलेली. नवे चार सेल गिऱ्हाइकाचे. थकले की ते घरचे. घरचे सेल मी गच्चीवर कुरड्यांशेजारी उन्हात टाकायची. तेवढीच त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची. रोलवर एखाद-दोन फोटो उरले, तर रोल धुवायला देण्याआधी ते घरच्यांवर संपवायचे, तेही असल्याच सेलांवर. म्हणून आमचे घरचे सगळे फोटो काळे. पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोत पोरंच शोधावी लागतात.

माझी आई वडनेरला राहायची. उभ्या आयुष्यात तिचा एकही फोटो नव्हता. "जावई फोटोवाला, आन् सासूचाच फोटो नाई," असं ती हसत म्हणायची. मला मात्र ते लागायचं. त्या वर्षी ती फार खंगली होती, दोन घासही जात नव्हते. ही जाईल आणि हिचं तोंडसुद्धा माझ्यापाशी राहणार नाही, या धास्तीनं मला झोप लागेना.

शेवटी मे महिन्यात वडनेरच्या पुढच्या गावी लग्नाचं काम होतं, तेव्हा मी सोबत निघाले आणि ह्यांना वाटेत उतरवलंच. रोलवर दोन फोटो उरले होते. आई म्हणाली, आतच बसते. अंगणात बसली तर बायका म्हणतील, म्हातारीले शौक सुचला. आत अंधार, त्यात लाइन गेलेली. हे कॅमेरा घेऊन समोर आले आणि आईनं पदर पार नाकापर्यंत ओढला. जावयासमोर उघड्या तोंडानं बसायची तिला सवयच नव्हती.

"मामी, जरा वर पाहा."

"पाहून तं राह्यली," आई पदरातून म्हणाली आणि आणखी खाली वाकली.

तिकडे फ्लॅश नुसता कुईं करत होता, तो तयार झाल्याचा तांबडा दिवा काही लागेना. घरचेच सेल ते! हे घड्याळाकडे पाहू लागले. "जाऊ दे नं. येत्या खेपेले काढू."

येत्या खेपेला! इतकी वर्षं हेच ऐकत आले होते. माझं डोकंच फिरलं. "द्या इकडं. आणि तुम्ही बाहेर व्हा."

"तुले जमते का हे?"

"ह्याचा एकेक स्क्रू माझ्या ओळखीचा आहे. व्हा बाहेर!"

हे गेले. मी बॅग उघडली, गिऱ्हाइकाच्या सेलांचं पाकीट टराटरा फाडलं आणि चारही नवे सेल घातले. दिवा लगेच लागला. जावई गेलेला पाहून आईनं पदर मागं सारला, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "लवकर काढ वं, मले बसवत नाई." मी बटण दाबलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग आणखी एकदा. बाहेर हे रागावले नाहीत. सेल लग्नाला पुरतील ना, एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात त्या दोनांतला चांगला फोटो घेऊन मी एकटीच वडनेरला गेले. एसटीत तो पाकिटातून पुन्हा पुन्हा काढून पाहत होते. आमच्यातला पहिला उजळ फोटो! वर आलेली गालाची हाडं, कपाळावरचं गोंदण, एकेक सुरकुती. आई तो घेऊन दारातल्या उजेडात गेली आणि कधी जवळ, कधी लांब धरून पाहू लागली. तिच्या घरात आरसा म्हणजे कुंकवापुरता तुकडा. आपला अख्खा चेहरा तिनं किती वर्षांत पाहिला नसेल.

"काऊन वं, नाई आवडला?" मी विचारलं.

"हे तं मायी माय होय," ती म्हणाली. "किती वर्सं झाले तिले जाऊन. तिचं तोंडच ध्यानात येत नव्हतं मले."

अगं, तूच आहेस ती, असं मी म्हणणार होते. पण तिनं फोटो कोनाड्यात उभा केला आणि भिंतीला धरून, कण्हत, त्याच्यापुढं वाकली.

"तूबी पड पाया," ती मला म्हणाली. "आजी होय तुयी."

मी पडले. जिवंत आई शेजारी उभी असताना तिच्या फोटोला हात जोडले, आणि मग मला रडू आवरेना.