सुलाबाईनं डॉक्टरांना थांबवलं

आटपाडीकडच्या माळावर सुलाबाईचं नाव निघालं की लोक आधी लांडग्याची गोष्ट सांगतात. कोकरू तोंडात धरून पळणाऱ्या लांडग्यामागं ती काठी घेऊन बोंबलत धावली आणि कोकरू जिवंत सोडवून आणलं. आता मेंढरं थोडीच उरलीत, डाळिंबाची बाग झालीय, पण आवाज तसाच. बांधावरून तिनं हाक मारली की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसतात.

तीच सुलाबाई सांगलीच्या दवाखान्यात चादर ओढून गप पडली होती. खोकला नि ताप अंगावर काढल्यानं फुप्फुसाभोवती पू साचला होता. ऑपरेशन झालं, आणि उरलासुरला पू निघून जावा म्हणून बरगड्यांमधून एक नळी घालून ती खाटेखालच्या बाटलीत सोडली. ऑपरेशनला बाई हसत गेली होती. भीती बसली ती शेजारच्या खाटेमुळं. तिथं विश्रामबागेतल्या शकुंतलाबाई होत्या, निवृत्त शिक्षिका. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या छातीत दोन नळ्या होत्या. त्यातली एक पडद्याआड काढताना त्या अशा काही किंचाळल्या की सुलाबाईनं पुढ्यातलं ताट सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे छान आलाय. आज नळी काढू."

"आजच्या दिस ऱ्हाऊ द्या," सुलाबाई पुटपुटली.

दुपारी येतो, असं सांगून ते गेल्यावर तिचा मुलगा तानाजी हसला. "आये, लांडग्याला भिली न्हाईस आन् नळीला भितीस व्हय?"

"लांडगा भाईर हुता रं. ही माज्या आत हाय."

हे ऐकून उत्कर्षा सिस्टर खुर्ची ओढून बसली. पोरगी आष्ट्याची. घाबरू नका, असं काही ती म्हणाली नाही. "मावशी, नक्की कशाची भीती वाटते?" एवढंच तिनं विचारलं.

"आत चिकटली आसंल की. वढताना काळीज भाईर यील."

उत्कर्षानं एक कोरी नळी आणून तिच्या हातात दिली. सुलाबाईनं ती बोटांत फिरवून बघितली. गुळगुळीत होती, कुठं आकडा नाही, काटा नाही.

"दुखणार न्हाई, आसं मी सांगणार न्हाई," उत्कर्षा म्हणाली. "जळजळंल, वढ बसंल, पण लगीच संपतंय. आधी दुखायचं औषध देते. ते लागू व्हायला येळ लागतो. मग बर्फानं जागा गार करू. काढताना मोठा श्वास घ्यायचा आन् दाबून धरायचा, म्हंजे भाईरची हवा आत शिरत न्हाई."

श्वास धरायचा सराव दोघींनी मिळून केला. औषध दिलं, आणि थोड्याच वेळात डॉक्टर हातमोजे घालत आले.

सुलाबाईनं हात वर केला. "थांबा डाक्टर. आवशिद आजून लागू झालं न्हाई."

डॉक्टरांनी उत्कर्षाकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. "बरं, बाकीचे पेशंट बघून येतो," म्हणून ते गेले, आणि खरंच उशिरानं परत आले. तोवर बर्फानं कूस बधिर झाली होती.

"सांगा मावशी, कधी काढू?"

तिनं छाती भरून श्वास घेतला, धरला आणि मानेनं खूण केली. आतून काहीतरी सरसरत गेलं, बरगडीत आग उठली. तिनं दात आवळले. डॉक्टरांनी नळीच्या जागेवरचा टाका आवळून जाड पट्टी चिकटवली.

"सोडा आता श्वास."

"दुकलं," सुलाबाई म्हणाली. "पर सोसण्यासारकं हाय." आणि तिनं तानाजीला भाकरी आणायला पिटाळलं.

संध्याकाळी शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं, "सुलाबाई, माझी दुसरी उद्या काढणार आहेत. तुम्ही जवळ बसाल का?"

"बसते की. बाई, आदी आवशिद मागून घ्या. त्येला लागू होऊ द्या. तवर कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

सकाळी सुलाबाईला घरी जायची परवानगी मिळाली. तानाजी गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात आला, पण ती वॉर्डातून खाली यायला तयार नव्हती. शकुंतलाबाईंचा हात धरून ती खाटेशी बसली होती. "आता श्वास घ्या बाई," तिचा आवाज वॉर्डभर घुमला, "आन् धरा!"

या खेपेला पडद्याआडून किंकाळी आली नाही. शकुंतलाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. त्यांना पाणी पाजून, उशी नीट लावून देऊन मगच सुलाबाई खाली आली आणि गाडीत बसली.