आत्याच्या दोन जन्मतारखा

आत्याची जन्मनोंद शोधायला जामखेडहून पहाटेच्या एसटीने पुण्याला निघाले. आत्याने डब्यात दशम्या दिल्या आणि म्हणाली, "नसली नोंद तर नसली. जिवाला लावून घेऊ नको." म्हणजे तिनेच लावून घेतलं होतं!

आत्या पंचाहत्तरीची. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून, तीही मास्तरांनी ठोकून दिलेली. आमचं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलंय. घरातली तारीख वेगळी: तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं श्राद्ध असतं, तो दिवस. आजोबा पुण्यात छापखान्यात नोकरीला होते. आजी बाळंतपणाला कसबा पेठेत माहेरी होती. गावाला टपाल आठवड्याने यायचं, आणि मुलगी झाल्याचं पत्र आणि कोपरा फाडलेलं (मृत्यूचं) पत्र एकाच टपालाने आलं. आजोबा गेल्याची तारीख त्या पत्रामुळे घरात सगळ्यांना पाठ, सालाबद्दल मात्र दोन मतं. झालं! पोरगी जन्मली आणि बापाला खाल्लं. आजीही वर्षभरात गेली, खरं सांगायला कुणी उरलं नाही. पांढऱ्या पायाची (अपशकुनी) म्हणून आत्याला आजही हळदीकुंकवाला शेवटी बोलावतात. मला याचा भयंकर संताप येतो.

वाघोलीला एसटी तासभर अडकली. कसबा पेठेत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. गल्लीत तांबटांची ठोकठोक चालू होती. आजीच्या माहेरचं घर विचारलं, तर एक दुकानदार म्हणाले, "ते पाडून दहा वर्षं झाली. आपण जरा उशिरा आलात."

जन्म-मृत्यू नोंदीची कचेरी शोधतानाही पहिल्या खेपेला चुकीच्या इमारतीत शिरले. जुनी दप्तरं दुसरीकडे, आणि तिथे जेवणाची सुट्टी. मग मिसळ खाल्ली. गोडसर! आमच्याकडे असा रस्सा आजाऱ्याला देतात. तरी दोनदा मागून घेतला, खोटं कशाला बोलू?

सुट्टी संपल्यावर खिडकीशी गेले. चष्मा कपाळावर चढवलेले कारकून बसले होते.

"साल?"

"दोन आहेत. नक्की कुठलं ते माहीत नाही."

"मग आपण नक्की करून या. आम्ही इथेच असतो."

"अहो, नक्की करायलाच चार तास एसटीत बसून आलेय!" मी जरा मोठ्यानेच बोलले. त्यांनी चष्मा खाली घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही सालांच्या नोंदवह्या काढून आणल्या. पानं पापडासारखी मोडत होती, म्हणून त्यांनीच उलटली.

दुसऱ्या वहीत सापडलं. आजोबांचं नाव, आजीचं नाव. मूल: मुलगी. मुलीच्या नावाची जागा कोरी, कारण बारसं व्हायचं होतं. जन्म, आजोबा गेले त्याच्या सहा दिवस आधी.

मी तारीख पुन्हा वाचली. मग शंका आली, लिहिताना चूक झाली असेल तर? गावात कुणीतरी हेच म्हणणार.

"नुसती तारीख काय बघता?" कारकून म्हणाले. "हा रकाना बघा. खबर कुणी दिली?"

तिथे लिहिलं होतं, वडील. शेजारी शाईची ठसठशीत सही, जन्मानंतर तिसऱ्या दिवसाची.

"गेलेला माणूस खबर द्यायला येत नाही," ते म्हणाले, "निदान आमच्या कचेरीत तरी."

मी हसले आणि तिथेच रडले. त्यांनी नक्कल दिली, सहीचा फोटोही काढू दिला.

परतीच्या एसटीत एकच विचार डोक्यात होता. टपाल एका दिवशी आलं म्हणून जन्म-मृत्यूही एका दिवशी झाले, हे पाऊणशे वर्षांत कुणी तपासू नये? दोष द्यायला मात्र सगळे तयार.

घरी आत्या ओट्यावर वाट बघत होती. मी सगळं सांगितलं, नक्कल मोठ्याने वाचून दाखवली. आत्याने मोबाइल हातात घेतला. त्यावरची सही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे त्यांनी मला बघितलं होतं?"

"बघितलं म्हणजे? कचेरीत जाऊन सांगून आले, मुलगी झाली म्हणून!"

"सहा दिवस होते की गं," ती म्हणाली. "मांडीवर घेतलं असेल ना?"

असा रकाना नोंदवहीत नव्हता. मी "हो" म्हणाले.