पैलवानाला अहोजाहो

बाईंनी सत्तावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात नोकरी केली. तेवढ्या काळात डॉक्टर तीन झाले, खुर्च्या दोन झाल्या, बाई मात्र त्याच राहिल्या. 'या. बसा. आ करा. चूळ भरा,' हे चार हुकूम त्यांनी इतक्या माणसांना सोडले की अख्खी वस्ती त्यांना 'आ-करा बाई' म्हणायची. समोर शाळकरी पोर असो की म्हातारा, बाई कुणालाच अरेतुरे करत नसत. दुखऱ्या दाताच्या माणसाला आधी मान द्यावा लागतो, मगच तो तोंड उघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. हुकूम सोडायला घरात एक नवरा तेवढा उरला, आणि त्याने ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. पहिला महिनाभर बाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसल्या. त्यांना फार एकटं वाटायचं, आणि ते त्या कुणाला सांगायच्या नाहीत. अशात मुलीची बदली झाली, नवं घर निघालं वीतभर, आणि तिने आपला मास्टिफ जातीचा कुत्रा आईच्या दारात आणून उभा केला. उभा केला म्हणजे दारच भरून गेलं. पंचाहत्तर किलो वजन, परातीएवढं डोकं आणि ओठांतून अखंड लाळ. मुलीने त्याचं नाव काहीतरी परदेशी ठेवलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा पैलवान केला.

पैलवान स्वभावाने मात्र गरीब गाय. कुणी आवडलं की त्याच्यावर रेलायचं, एवढाच काय तो अवगुण. बाई रोज सकाळी त्याचेही दात घासायच्या. "या. बसा. आ करा." पैलवान यायचा, बसायचा, आ करायचा. चूळ तेवढी त्याला कधी जमली नाही. घरात घोटाळा एकच व्हायचा. बाई नवऱ्यालाही 'अहो'च म्हणायच्या, त्यामुळे 'अहो, जरा इकडे या' अशी हाक गेली की दोघेही निघायचे, आणि पैलवान आधी पोचायचा.

घोडं अडलं ते लिफ्टमध्ये. इमारतीचे चेअरमन म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, नाकावर माशी बसू देणार नाहीत असा माणूस. एका सकाळी ते लिफ्टमध्ये शिरले, पैलवानाला ते आवडले, आणि चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत तो त्यांच्यावर मनापासून रेलून राहिला. बाई पट्टा ओढून दमल्या. दार उघडलं तेव्हा मास्तर भिंतीला पोस्टरसारखे चिकटलेले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा धोकादायक आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सर्वांसमक्ष चेअरमन स्वतः त्याला बसण्याचा हुकूम देतील. तीनदा सांगून तो बसला नाही, तर महिनाअखेर त्याने इमारत सोडावी.

मुलीकडे जागा नव्हती. दुसरी सोय एकच होती, ती म्हणजे गावाबाहेरच्या एका गोदामावर राखणीला, दिवसभर साखळीत. साखळीचं नाव काढलं की बाई उठून पैलवानाचे दात पुन्हा घासायला घ्यायच्या. नवऱ्याने आठवडाभर तालीम घेतली. "बस! अरे, बस म्हणतो ना!" पैलवान कौतुकाने त्याच्याकडे बघत उभा राहायचा.

"हा फक्त तुझंच ऐकतो," म्हणत नवऱ्याने हात टेकले. बाईंनाही तसंच वाटलं.

रविवारी सगळी इमारत गोळा झाली, पण गाड्यांच्या आडोशाला. मास्तर आले. त्यांचा उजवा गाल टम्म फुगला होता. छाती काढून ते ओरडले, "बस!"

पैलवानाने शेपूट हलवली.

"बस म्हणतो ना!"

पैलवानाने त्यांच्या बुटांवर लाळ सोडली. ओरडण्याने मास्तरांच्या दाढेत कळ गेली आणि त्यांनी गाल दाबून धरला.

आता एकच संधी उरली होती. पण कुणी गाल धरून उभं असलेलं बाईंना बघवत नसे. सवयीने तोंडातून निघून गेलं, "कधीपासून दुखतंय? या. बसा."

मास्तर वॉचमनच्या खुर्चीत बसले. पैलवानही बसला.

"आ करा."

दोघांनीही आ केला. मास्तरांच्या तोंडात किडकी दाढ दिसली. पैलवानाचा जबडा बघून पुढच्या रांगेतली मंडळी मागच्या रांगेत गेली.

"अगं, बस नव्हे, बसा!" नवरा ओरडला. "या लेकाला अहोजाहो लागतं!"

पार्किंगभर हशा पिकला. मास्तर ताडकन उठले. "हुकूम माझा पाहिजे. आणि मी कुत्र्याला बसा म्हणणार नाही. उभ्या नोकरीत मी हेडमास्तर सोडून कुणाला बसा म्हटलेलं नाही."

नऊ वर्षांपूर्वी दाढ काढताना हाच माणूस बाईंचा हात धरून हुंदके देत रडला होता, आणि त्यानंतर दवाखान्याकडे फिरकला नव्हता. एका वाक्यात त्यांची शोभा करता आली असती. खोटं कशाला बोला, वाक्य बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी ते गिळलं, मास्तरांच्या जवळ गेल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "उद्या मी येते बरोबर. हात धरायला."

मास्तरांनी गालावरचा हात खाली घेतला. बाईंनी पैलवानाला "उठा" म्हटलं, तो उठला. मास्तरांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं.

"बसा," ते पुटपुटले.

पैलवान बसला. नेमका त्यांच्या पायावर, आणि वर रेललाही.

सोमवारी दाढ निघाली. मंगळवारी फळ्यावर मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात नवी नोटीस लागली: 'चौथ्या मजल्यावरचे पैलवान इमारतीतच राहतील.' बाईंनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरून आले. लिफ्टची वाट न बघता त्या चार मजले चढल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? राहतील म्हणे!"

आतून दोघेही धावत आले.