मांडव उतरेपर्यंत

"सिस्टर, आधी खुर्ची घ्या, मग माझी नाडी." निर्मळ गावच्या त्या काकांचं हे ठरलेलं वाक्य. कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघायचं हे माझं काम, त्यासाठी मी बोळिंजहून स्कूटरवर जायचे. काकांची केळीची वाडी होती, आणि डोक्यात गाठ. ऑपरेशन होऊनही ती परत आली होती.

असे पेशंट तुम्हीही पाहिले असतील, स्वतःच्या दुखण्यापेक्षा आल्यागेल्याची काळजी जास्त. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्यांना सपाटून भूक लागायची. "लेकीच्या लग्नाचे लाडू मीच संपवणार बघा," म्हणायचे. मी ओरडायचे. मी तोंडाची फाटकीच. ते हसून चाफ्याची दोन फुलं माझ्या पर्समध्ये टाकायचे.

गाठ वाचेच्या जागी होती. बोलणं कधीही जाईल, म्हणून पुढे काय करायचं आणि काय नाही, हे आत्ताच लिहून घ्यायला हवं होतं. काकांनी काकूंसमोरच सांगितलं, "घशात नळी नको, मशीन नको. दुखेल त्याचं औषध द्या. मी इथेच बरा, वाडीकडच्या खिडकीपाशी."

मी कागद काढला. काकूंनी माझा हात धरला. "सिस्टर, पाया पडते तुमच्या. कालच मुहूर्तमेढ रोवलीय. मांडवाखाली मरणाचा कागद नको. मांडव उतरू दे, सहीला दोन साक्षीदार मीच आणते."

"घ्या! आता माझं काय चालणार?" काका म्हणाले.

आणि मी कागद परत पिशवीत घातला. आठ दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं. आजही मला स्वतःची चीड येते.

उजवा हात लुळा पडला होता, म्हणून लग्नात त्यांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. मांडव उतरायच्या आदल्या दिवशी मोठी आकडी आली आणि बोलणं गेलं. उरलं फक्त "हो". पाणी हवं? हो. दुखतंय? हो.

"आणि मी कोण, तुमची सासू?" मी चिडवलं.

"हो."

काकू हसल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मग छाती घरघरू लागली. काकांच्या मुलानं विचारलं, "बाबा, हॉस्पिटलला जाऊ या ना?"

"हो."

"आता घरीच राहायचं का, विचार," मी म्हटलं. त्यानं विचारलं.

"हो."

काकांनी काय सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. काकूंनीही मान डोलावली. "पण कुठे लिहिलंय का?" तो रडकुंडीला आला होता. "उद्या लोक म्हणतील, बापाला घरात ठेवून मारलं." शेवटी अँब्युलन्स आली.

नऊ दिवस ते आयसीयूत होते, आणि तिथेच गेले. त्या नऊ दिवसांत मला एकदाच आत सोडलं. घशात नळी होती, आणि चालता डावा हात पट्टीनं खाटेला बांधलेला. "सारखी नळी उपटायला बघतात," तिथली सिस्टर म्हणाली. मी तो हात धरून उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. "बाबा कसे आहेत?"

"शांत झोपलेत," मी म्हटलं.