पाहुण्याला दोन आठवडे

नव्वदच्या दशकात अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आमच्या वरच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरचं एक जोडपं राहायचं. तो विद्यापीठात संशोधन करायचा. बायकोला आठवा महिना होता आणि बाळंतपणासाठी तिची आई आली होती. आईला येऊन महिना झाला तेव्हा घरमालक कंपनीची नोटीस आली. करारानुसार पाहुण्याला दोनच आठवडे राहता येतं, तुम्ही करार मोडला आहे, महिनाअखेर घर रिकामं करा.

वकील परवडणारा नव्हता. मी मुंबईत कोर्टाच्या बातम्या करत असे, म्हणून तो माझ्याकडे आला.

"काका, आधी घटना बघू," म्हणाला. भारताची घटना त्याच्या घरात दर्शनी जागी असे. अमेरिकेची त्याने एका बैठकीत वाचून संपवली. घरमालकाचा उल्लेख एकदाच सापडला, तोही शांततेच्या काळात त्याच्या संमतीशिवाय घरात सैनिक ठेवू नयेत म्हणून. भाडेकरू कुठेच नव्हता.

"जावईबापू, तुमची घटना इथं चालत नाही वाटते," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी आम्ही काउंटी कोर्टाच्या ग्रंथालयात गेलो. ते सर्वांना खुलं आहे अशी पाटी होती. आत छतापर्यंत एकसारखे जाड खंड होते. कोपऱ्यातल्या संगणकावर फक्त वकिलांना शोध घेता येत असे. भाडेकरूंचा कायदा कुठे मिळेल, असं विचारलं तर ग्रंथपालबाईंनी नियम सांगितला. पुस्तकाचं नाव घेतलं तर त्या कपाट दाखवतील. कोणतं पुस्तक बघायचं हे सांगणं म्हणजे कायदेशीर सल्ला, आणि तो द्यायला त्यांना मनाई होती. कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्ट ऐकून घेत नाही. तो कायदा कुठे छापलाय हे मात्र त्याच कोर्टाच्या इमारतीत कोणी सांगायचं नाही.

अकारविल्हे लावलेला कायद्याचा ज्ञानकोश दिसला, म्हणून आम्ही तोच उघडला. करार मोडला तर मालक घर परत मागू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते साऱ्या देशाबद्दलचं ढोबळ विवेचन होतं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो आणि चालतो तोच, हे त्या पानावर नव्हतं. त्याने घरी जाऊन वाचलं तसं सांगितलं.

"माझ्यापायी पोरीचं घर जायला नको," म्हणून सासूबाईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. मुलीने खूप अडवलं. त्या गुरुवारी गेल्या.

पुढच्या शनिवारी न्यू जर्सीच्या कायद्याचे खंड सापडले. कराराचं कलम मोडलं तर मालकाने आधी लेखी ताकीद द्यायची. तरी प्रकार चालू राहिला तरच नोटीस. त्यानंतरही घराबाहेर काढायचं की नाही हे न्यायाधीश ठरवणार. त्याला ताकीद आलीच नव्हती.

सोमवारी कलमाची झेरॉक्स घेऊन आम्ही घरमालक कंपनीच्या मॅनेजरबाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. त्यांना ते कलम ठाऊक होतं.

"ठीक आहे, नोटीस रद्द समजा," त्या म्हणाल्या. "आईंना राहू द्या."

"आई परत गेल्या भारतात," तो म्हणाला. "ठाऊक होतं तर नोटीस पाठवली कशाला?"

"बहुतेक जण तेवढ्यावर ऐकतात," असं म्हणून त्यांनी वाजणारा फोन उचलला.